सुतानं मोजलेली वाट

रिळिंग खात्यात सव्वीस वर्षं सुताच्या लच्छ्या मोजून बांधलेल्या बाईला अंतराबद्दल उगीच काही सांगायला जाऊ नये. मीराबाई त्यातल्या. इंदूरची त्यांची मिल ब्याण्णव साली बंद पडली, पण हातातलं माप काही सुटलं नाही.

मिलच्या मागे मजुरांची वस्ती आणि पुढच्या फाटकाशी शाळा. मधला रस्ता कुणी आखला नव्हता. पाळीला जाणाऱ्यांच्या पायांनीच तो मिलच्या आवारातून पडला होता. मिल बंद झाल्यावरही वस्ती तिथूनच ये-जा करी. सत्त्याण्णव साली त्या जमिनीचा नवा नकाशा निघाला. त्यात दुकानांचं संकुल होतं, मोटारी लावायला जागा होती, कारंजंसुद्धा होतं. वस्तीच्या बाजूला मात्र सलग भिंत. शाळेला जायचं तर रेल्वे क्रॉसिंगकडून, ट्रकांच्या रस्त्यानं वळसा घाला.

सून पंचशीलाची लेक मैत्री तेव्हा पाचवीत होती. पंचशीलानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, भिंत झाली तर मैत्रीची पाचवीनंतर छुट्टी. त्या ट्रकांमधून पोरीला मी नाही पाठवणार."

तिचं चूक नव्हतं, म्हणूनच भिंतीचं काहीतरी करणं मीराबाईंना भाग होतं. नात शिकलेली बघायची, एवढी एकच हौस त्यांची उरली होती.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. मीराबाई नकाशाच्या ऑफिसात गेल्या. टेबलामागे भूषण नावाचा तरुण ड्राफ्ट्समन. स्वभावानं भला, पण कागदावर नाही ते जगात नाही असं मानणारा.

"मावशी, हा रस्ता रेकॉर्डमध्येच नाहीये. आणि वळसा बहुत दूर पडतो असं लिहून काय होणार? दूर म्हणजे किती? फिगर पाहिजे."

"फिगर ना? नापून आणते, भिया," मीराबाई म्हणाल्या.

घरी गोधड्यांसाठी जपून ठेवलेल्या मिलच्या लच्छ्या होत्या. एका लच्छीत आठशे चाळीस वार सूत, हे त्यांना स्वतःच्या वयापेक्षा पक्कं ठाऊक होतं. रविवारी सकाळी शेजारच्या बेबीनं शाळेच्या दाराशी सुताचं टोक धरलं आणि मीराबाई वळशाच्या वाटेनं गुंडा सोडत निघाल्या. दोनदा स्कूटरनं सूत तोडलं, दोनदा त्यांनी गाठ मारली. लोक हसले. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. मीराबाईंना आपलं घर गाठलं तरी पुरे होतं. वळशाला दोन लच्छ्या पुऱ्या लागल्या. मिलमधून मोजलं, तर अर्ध्या लच्छीहून थोडं जास्त.

"सुतानं नापलं?" आकडे वाचून भूषणला हसू आवरेना. तरी बिचारा उठला आणि टेप घेऊन स्वतः आला. भर उन्हात दोन्ही वाटा मोजल्या. वळसा टेपवर सुताच्या मापापेक्षा फक्त सहा मीटर जास्त भरला.

"टेप ढिली धरली असेल तुम्ही," मीराबाई म्हणाल्या.

भूषण ऑफिसात परतला. नकाशावर त्यानं पेन्सिलीनं वाटेच्या दोन बारीक रेघा ओढल्या आणि त्या रेघांसाठी वरच्या साहेबांशी तीन वेळा भांडला. आपल्याला भांडता येतं हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

भिंत झाली, पण तिच्यात बारा फुटांची वाट सुटली. जुलैत सहावीच्या पहिल्या दिवशी पंचशीला पोरीला घेऊन निघाली, सोबत मीराबाई. वाटेच्या तोंडाशी पंचशीला थांबली. वाट नाकासमोर सरळ, थेट शाळेच्या दारापर्यंत दिसत होती. तिनं मैत्रीचा हात सोडला.

"जा तू. इथनं दिसतेस."

सासू-सुना तिथंच उभ्या राहिल्या. मैत्री दप्तर सावरत चालत गेली, तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ती दारातून आत गेली तरी पंचशीला जागची हलेना.

"आई," ती म्हणाली, "कॉलेज पण त्याच साइडला आहे ना?"