फळ्यांखालचा मेन कॉक

पाण्याचा आवाज आधी माझ्या सासऱ्यांनी ऐकला. जानेवारीतली रविवारची सकाळ होती. नेदरलँड्समधल्या आमच्या हार्लेम गावात गेले काही दिवस सगळं गोठून बसलं होतं, गल्लीतल्या सायकलींच्या सीटांवरसुद्धा बर्फाचा पापुद्रा होता. आम्ही दोघं अजून पांघरुणातच होतो, तेवढ्यात खालून बाबांची हाक आली.

"अरे, जरा खाली या दोघं. जमिनीखाली कुणीतरी काहीतरी तळतंय."

खाली गेलो तर बाबा दिवाणखान्यात गुडघे टेकून लाकडी फळीला कान लावून बसले होते. मीही वाकले. खरंच तसाच आवाज होता, कढईत भजी सोडल्यासारखा, एकसारखा चुरचुर. नवरा घरभर फिरून नळ तपासून आला. सगळे बंद होते. मग त्याने जिन्याखालच्या कपाटातला पाण्याचा मीटर पाहिला. त्यातलं चाक गरगरा फिरत होतं.

हे घर घ्यायचा हट्ट माझा होता. हूफडॉर्पमधला आमचा फ्लॅट नवा कोरा होता, पण मला कधीच आवडला नाही. हे घर मात्र पाहताक्षणी आवडलं. शेकडो वर्षांपूर्वीचं, अरुंद, उतरत्या छपराचं. सरकारी यादीतली जुनी वास्तू, त्यामुळे नगरपालिकेला विचारल्याशिवाय खिडकीची चौकटही बदलता येत नाही. पुण्याहून आल्या आल्या बाबांनी तुळयांवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "नवं सोडून जुनं का घेतलंत?" प्रश्न दोघांना होता, पण बघत होते माझ्याकडे. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मलाही तो मिटवता आला नाही.

"आधी मेन कॉक बंद कर," मी म्हणाले.

नवऱ्याने कपाटातला कॉक फिरवला. तो फिरला आणि फिरतच राहिला, पण मीटर काही थांबेना. आतला दांडा तुटला होता. पाणी कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की थंडीमुळे आज सगळीकडूनच फोन येताहेत, आमचा माणूस येईल, पण वेळ लागेल. दुसरा एखादा कॉक असेल तर बघा.

दुसरा होता. घर विकणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितलं होतं: फळ्यांखाली, रस्त्याकडच्या भिंतीला लागून. इथल्या जुन्या घरांत जमीन म्हणजे तुळयांवर टाकलेल्या फळ्या. त्यांच्याखाली पोकळी असते, खाली वाळू आणि वर तुळया, पोटावर सरपटता येईल एवढीच उंची. आमच्याकडे त्यात उतरायचं झाकण दारातल्या पायपुसण्याखाली आहे.

नवऱ्याने आधी विजेचा मेन स्विच पाडला, कारण वायरिंगही खालूनच जातं. मग झाकण उचलून त्यात पाय सोडले. कमरेपर्यंत गेला आणि खांद्यांत अडकला. एक हात वर, एक हात खाली असं करून पाहिलं. शेवटी बाबांनी आणि मी त्याला ओढून बाहेर काढलं.

तेवढ्यात दार वाजलं. भिंतीपलीकडच्या आजी होत्या. एकट्या राहतात, वय ऐंशीच्या घरातलं. अंगात जाड गाऊन, पायांत रबरी बूट. त्यांच्या स्वयंपाकघराची जमीन आमच्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे.

"माझ्याकडे भिंतीतून पाणी येतंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचं आहे का?"

ते ऐकल्यावर मला थांबवेना. "मी जाते खाली," मी म्हणाले.

"अजिबात नको," बाबा म्हणाले. "त्यांचा माणूस येतोय ना? वाहू दे पाणी."

"बाबा, त्यांच्या घरात शिरतंय."

"शिरू दे. पुसून काढू."

 नवऱ्याने सायकलचा दिवा माझ्या कपाळावर पट्ट्याने बांधला आणि हातात पान्हा दिला. मी माझं थंडीचं जाकीट चढवलं आणि उतरले.

आत कुबट, मातकट वास होता. वाळू ओली होती आणि बर्फासारखी गार. मी कोपरांवर सरकत गेले. डोकं जरा वर केलं की तुळईला आपटायचं. आवाज जवळ येत गेला. भिंतीपाशी पोचले तेव्हा दिव्याच्या उजेडात पाइप दिसला, जाड, राखाडी, बोट लावलं तर मऊ वाटावा असा. शिशाचा. पुढे तो तांब्याच्या पाइपला जोडला होता आणि त्या जोडातून पाणी पंख्यासारखं उडत होतं. त्या जोडाच्या थोडं आधी, भिंतीच्या बाजूला, पितळी कॉक होता. हिरवा पडलेला.

"सापडला!" मी ओरडले.

"हळू फिरव," वरून नवऱ्याचा आवाज आला.

मी पान्हा लावला. हलेना. कुशीवर वळून दोन्ही हातांनी जोर लावला. कॉक किंचित हलला, मला बरं वाटलं, आणि मी आणखी जोर केला. तेव्हा कॉक फिरला नाही, त्याच्या मागचा पाइपच वळला. शिसं फाटताना फारसा आवाज होत नाही. पाणी मात्र थेट तोंडावर आलं.

श्वासच अडकला. दिवा कपाळावरून निसटला, वाळूत पडला आणि विझला. मी मागे सरकायला गेले तर जाकीट कशाततरी अडकलं, पाठीवर, हात पोचणार नाही अशा जागी. ओढलं तर आणखी घट्ट झालं. खालची वाळू आता पाणी पित नव्हती. कोपरं बुडाली, मग छाती गार पडली. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते आठवत नाही. मराठीत ओरडत होते एवढं नक्की. एकच विचार डोक्यात घट्ट बसला होता: इथे डोकं उचलायला जागा नाही.

आणि मग माझ्या डोक्यावरच्या फळीवर ठोकल्याचा आवाज आला. ठक. ठक.

"ऐक," बाबांचा आवाज. ते माझ्या बरोबर वर आडवे झाले असावेत, फटीला तोंड लावून. "ओरडू नकोस. आधी सांग, तोंड पाण्याच्या वर आहे?"

"हो."

"हात हलताहेत?"

"जाकीट अडकलंय बाबा. सुटत नाहीये."

"मग ते सोडवतेस कशाला? काढ. चेन उघड आणि त्यातून बाहेर ये."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. बोटं बधिर झाली होती, चेन हाताला लागेना. बाबा वरून बोलतच राहिले, "गळ्यापासून खाली ये, घाई नाही, सापडेल." पाण्याचा मारा चालू होता. शेवटी चेन सापडली. एक हात बाहेर आला, मग दुसरा, आणि जाकीट तिथेच लटकत राहिलं.

"आता मी ठोकतो, तू आवाजाकडे ये."

ठक. ठक. आवाज पुढे सरकत गेला आणि मी त्याच्या मागोमाग अंधारात, पाण्यातून. मध्येच माझ्या लक्षात आलं की मागचा फवारा कमी होतोय. मग तो थांबला. पोकळीत एकदम इतकी शांतता झाली की मला माझेच दात वाजताना ऐकू आले. झाकणाच्या चौकोनातून उजेड दिसला आणि बाबांचे दोन्ही हात खाली आले.

वर काय झालं ते नंतर कळलं. माझी किंकाळी ऐकून आजी आपल्या घरी गेल्या आणि टी आकाराची लांब लोखंडी किल्ली घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याने कधीकाळी आणून ठेवली होती. फुटपाथवर पाण्याच्या लाइनचं छोटं झाकण असतं, त्याखालचा कॉक या किल्लीने बंद होतो. झाकण बर्फाने चिकटलं होतं. आजींनी किटलीतलं उकळतं पाणी त्यावर ओतलं, माझ्या नवऱ्याने झाकण उचकटलं, आणि दोघांनी मिळून किल्लीला लोंबकळत ती फिरवली. तो अनवाणी होता. हे त्याच्या लक्षात संध्याकाळी आलं, पाय सुजले तेव्हा.

आजींनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या बैठकीत, शेगडीपुढे नेऊन बसवलं. मला कोरडे कपडे दिले, त्यांचेच, ढगळ. मी थरथरत होते. बाबा टॉवेल घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझी पावलं हातांत घेऊन चोळू लागले. मी पाय मागे घेतले. सासऱ्यांनी सुनेच्या पायांना हात लावायचा, हे मला त्या अवस्थेतही सहन होईना.

"बाबा, नको. अहो, पाय आहेत."

"पायच आहेत ना," ते म्हणाले. "गप्प बस."

आणि चोळत राहिले.

दुपारी पाणी कंपनीचा माणूस आला. त्याने आतला पाइप पाहून मान हलवली आणि सांगितलं की शिशाचा सगळा तुकडा बदलावा लागेल. तसा तो पुढे बदलला, रीतसर परवानगी घेऊन. आजींच्या स्वयंपाकघराची फरशी आम्ही दोन्ही घरांनी मिळून वाळवली. घर विकायचं का, यावर आम्ही नवराबायको त्या आठवड्यात बरेच बोललो. नाही विकलं.

त्या रविवारी संध्याकाळीच आईचा पुण्याहून नेहमीसारखा व्हिडिओ कॉल आला. मी म्हणाले, "काही नाही गं, थंडीने पाइप फुटला होता. झाला दुरुस्त." आई म्हणाली, मग आवाज का असा? मी म्हणाले, सर्दी.

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "ती सांगणार नाही. मी सांगतो. आज सकाळी तुमची मुलगी..."

एवढं बोलून ते थांबले. पलीकडून आई विचारत राहिली, "काय झालं? अहो, काय झालं तिला?" त्यांनी नुसता हात हलवला, डोळे मिटले आणि फोन माझ्याकडे परत दिला.