तिथं हवा आहे का?

कुणी कुठं निघालं असं कळलं की सिस्टर मान किंचित तिरकी करून विचारायच्या, "तिथं हवा आहे का?"

प्रश्न साधाच. आमच्या पनवेलच्या दवाखान्यात येणारी माणसं त्याला उत्तरही साधंच द्यायची. "आहे की! माथेरानची हवा ती." नाहीतर, "जरा दमट असते हो, उरणला." सिस्टर "बरं, बरं" म्हणायच्या आणि स्टोव्हवर उकळणाऱ्या सुयांकडे वळायच्या. वळताना त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं जायचं. ते माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

मी तिथं कंपाऊंडर होतो, पंचविशीचा. सिस्टर चाळिशीच्या पुढच्या. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू समाजातल्या. घरी म्हातारी आई, आणि एक भाऊ दूर देशी जाऊन स्थायिक झालेला. शनिवारी त्या कामावर यायच्या नाहीत, पण रविवारी डॉक्टर नसताना एकट्या येऊन जखमांच्या पट्ट्या बदलायच्या. खळ घातलेलं पांढरं पातळ, काळ्या चपला, आवाज कमी आणि धाक जास्त. भलेभले गडी त्यांच्यापुढे दंड उघडा करताना डोळे मिटून घ्यायचे. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे. मीही इथं तेवढंच म्हणतो.

एका दुपारी डॉक्टरांनी मला सांगितलं, उद्या करंजाड्याला लस टोचायला जायचंय. ते आत गेले. मी बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवत होतो. सिस्टरांनी सवयीनं विचारलं, "तिथं हवा आहे का?"

तंद्रीत माझ्या तोंडून गेलं, "नाही. नळकांडं पाठीला बांधून जावं लागेल."

चिमटा ट्रेमध्ये खणकन पडला.

"काय म्हणालात?"

"काही नाही, सिस्टर. असंच."

त्या दोन पावलं जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "आणि डोक्यावर काचेचा घुमट?"

"तो तर लागणारच."

तेवढ्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली. पण त्या दिवशी संध्याकाळी निघताना त्यांनी तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एक मासिक माझ्या टेबलावर ठेवलं. इंग्रजी, जुनं, पानं पिवळी पडलेली. आत चित्रं होती: आकाशात तरंगणारी शहरं, दोन चंद्रांखाली उभा असलेला एकटा माणूस. लढाईच्या काळात त्या मुंबईला नर्सिंग शिकत होत्या. तिथल्या इस्पितळात गोरे शिपाई असली मासिकं टाकून जात. त्यांच्याकडे ट्रंकभर साठली होती.

माझंही तसंच होतं. मराठी मासिकांत चुकूनमाकून येणारी चंद्रावरची, मंगळावरची गोष्ट मी चोरून वाचायचो आणि मासिक औषधांच्या कपाटात मागच्या फळीवर दडवायचो. वडील म्हणत, "लग्नाचं वय झालं, आणि हा अजून चंद्रावर." तुम्हीही कधी असं काही लपवून वाचलं असेल तर तुम्हाला कळेल, दुसरा चोर भेटल्यावर किती हायसं वाटतं.

मग आम्ही दोघं मिळून आणखी माणसं शोधू लागलो. सिस्टरांचा एक आडाखा होता. "चंद्र दाखवावा," त्या म्हणायच्या. "बाकीचे म्हणतात, किती छान! आपला माणूस विचारतो, किती लांब?"

शाळेतल्या एका मास्तरांवर आमची फार भिस्त होती. खोकल्याचं औषध न्यायला आले तेव्हा सिस्टरांनी अगदी सहज विचारलं, "मास्तर, मंगळाबद्दल तुमचं काय मत?" मास्तर एकदम गंभीर झाले. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "कुणाच्या मुलीला आहे का? घाबरू नका. मंगळ असलेलीही स्थळं जमतात. पत्रिका घेऊन या." ते जाईपर्यंत सिस्टरांनी तोंडाला पदर लावून धरला होता. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

आणि मग नाखवा आला.

रोडपालीच्या खाडीकडचा कोळी. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसून हात सुजून टम्म झालेला. सिस्टर जखम धूत होत्या. त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी त्यांना आदल्या दिवशी वाचलेली चंद्रावरची गोष्ट सांगत होतो. नाखवा वेदनेनं ओठ चावत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "बाय, चंद्राचे जोरान आमचे खाडीला भरती येते. मंग चंद्राव भरती कोनाचे जोरान येल?"

सिस्टरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाखवाला अक्षरओळख नव्हती, पण ओळख पटली होती.

"तिथं पाणी नाही, नाखवा," त्या म्हणाल्या. "पण असतं, तर आपल्या पृथ्वीच्या जोरानं आली असती."

हात बरा झाला तरी तो येत राहिला. रविवारी आता मीही येऊ लागलो. दर रविवारी दुपारी मासळीची पाटी रिकामी करून दवाखान्याच्या पायरीवर बसायचा. पट्ट्या आटोपल्या की सिस्टर मासिक समोर धरून त्याला गोष्ट मराठीत सांगायच्या. एक प्रचंड जहाज फार लांबच्या ताऱ्याकडे निघालंय. पोचायला तीन पिढ्या लागणार. जहाजातच पोरं जन्मतात, तिथंच म्हातारी होतात. माती कुणी पाहिलेली नाही. एक म्हातारी तेवढी सगळ्यांचं जेवण रांधते.

बाहेर ऊन असायचं, आत स्पिरिटचा वास. सिस्टरांचा आवाज धाक विसरून हलका व्हायचा. आम्ही तिघं त्या पायरीवरून कुठल्या कुठं जायचो.

नाखवाला शंका फार. "तवऱ्या मानसांना मीठ कुठशी आनतान?" पुढच्या रविवारी जहाजात एक छोटं मिठागर निघालं. "कोरड्यास काय करतान?" त्याच्या पुढच्या रविवारी म्हातारीनं सोडे घातलेला भात केला.

सोडे? मी चमकलो. परदेशी मासिकात ही आपली सुकवलेली कोलंबी कुठून आली?

एकदा मासिक टेबलावर राहिलं होतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. त्यात जहाज नव्हतं, म्हातारीही नव्हती. हिरव्या जनावरांवर गोळ्या झाडणारा कुणी एक शिपाई होता.

"सिस्टर," मी म्हटलं, "यात म्हातारी नाही."

त्या गॉजच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी पुरी करून म्हणाल्या, "नाही. ती माझी आहे. मासिक समोर धरलं की धीर येतो."

"लिहून काढा ना! मी पाठवतो कुठंतरी."

"कागद समोर घेतला की हात चालत नाही हो. तो विचारतो तेव्हा सुचतं." मग एकदम काळजीनं, "त्याला सांगू नका. छापलेलं आहे असं त्याला वाटू दे."

त्याच उन्हाळ्यात त्यांची आई गेली. भावाचं पत्र आलं: एकटी काय राहतेस, निघून ये. त्यांनी जायचं ठरवलं. ज्या दिवशी मला सांगितलं, त्या दिवशी सुया उकळून पाणी आटलं तरी त्यांनी स्टोव्ह बंद केला नव्हता.

"घाबरलेय मी," त्या म्हणाल्या. "गोष्टीत माणसं किती सहज जातात."

मी काहीतरी बोललो. नवा देश, भाऊ आहे, सगळं ठीक होईल. असं कुणीही बोललं असतं. पावसाच्या तोंडावर एका सकाळी त्या एसटीनं मुंबईला गेल्या. तिथून बोटीनं. ट्रंक माझ्याकडे ठेवली. गोष्ट राहिली, तिचं जहाज अजून वाटेतच होतं.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, त्यामुळं नाखवा फिरकला नाही. मला त्याची धास्ती वाटायची. तो येईल, पायरीवर बसेल, पुढं काय म्हणून विचारेल. मी काय सांगू? दोनदा कागद घेऊन शेवट जुळवायला बसलो. म्हातारी माझ्याशी बोलेना.

नारळी पौर्णिमा झाली आणि एका दुपारी तो आला. पाटी खाली ठेवून नेहमीच्या जागी बसला.

"नाखवा," मी म्हटलं, "सिस्टर गेल्या. गोष्ट अर्धीच राहिली बघा."

"नाय," तो म्हणाला. "पुरी झाली. बाय आल्ती ना घरा."

"कधी?"

"जाताना, आदले दिशी. चालत आल्ती चिखलातशी. होडीव बसली नी समदी सांगितलीन, पार शेवटाशी."

मला लागलंच ते. "मला नाही सांगितली," मी म्हटलं.

"तुमी इचारलाव?" त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. मी लिहा म्हटलं होतं, पाठवतो म्हटलं होतं. पुढं काय झालं, असं कधीच विचारलं नव्हतं.

"आणि ती गोष्ट छापलेली नव्हती, बरं का," मी जरा चिडून म्हटलं.

नाखवा हसला. "मना म्हाईत हाय. येकदा पुस्तक उलटा धरला व्हता बायनी. चितारातली मानसा खाली डोकी वर पाय."

मी पायरीवर त्याच्याशेजारी बसलो. "मग? पोचलं जहाज?"

"पोचला. दरवाजा उघारला. पोरा समदी धावत सुटली. म्हातारी नाय उतरली. तिनी टोप घासला, चुलीव पानी मारला, मंग आली. येक पाय खाली ठेवला नी हुबी ऱ्हायली. पोरा बोलतान, आजे, काय झाला? ती बोल्ली, वली हाय. माती वली हाय."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"मंग बाय रडली," नाखवा म्हणाला. "मी पानी दिला. भरतीचा येळ झालता, म्हून बांधापत्तुर सोरली तिला."

त्यानं पाटी उचलली. जाता जाता हात लांब करून खाडीची दिशा दाखवली. "अशी गेली. चपला हातान धरल्या व्हत्या."

सिस्टरांना मी कधी अनवाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. तरी अजून मला तो बांध दिसतो. दोन्ही बाजूंनी पाणी चढतंय, पांढऱ्या पातळाचा काठ चिखलानं काळा झालाय, आणि एका हातात चपला धरून, पावलं जपून टाकत, त्या चालल्या आहेत.