न वळणारं पेन

मंगळवेढ्याहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली होती. गाडी वळली की मांडीवरचं पेन ती हळूच फिरवायची, म्हणजे पेनाची दिशा तीच राहायची. मला भोचकपणा आवरत नाही. हे काय करतेस, विचारलंच.

"काकू, दिशा न वळवता पुढं कशी न्यायची, याचा नियम असतो. तेवढ्यावरून अंतरं कळतात का, हा माझा पीएचडीचा विषय हाय."

"मग, कळतात?"

"बऱ्याच ठिकाणी कळत्यात. फक्त एकक आपण ठरवायचं. पण जागेबरोबर काळही धरला, की प्रकाशाची एखादी दिशा कुठल्याही वाटेनं नेली तरी जशीच्या तशी राहू शकते. तितं अंतरं वेगळी धरली तरी नियम तोच राहतो, म्हणजे नियमावरून अंतरं कळत न्हाईत. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. सगळा प्रबंध चुकलाय. आज माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायचंय."

"सरांनी चूक काढली?"

"न्हाय. त्यांनी तर सही केली की."

"मग कुणी काढली?"



"कुणीच न्हाय, काकू. मला दिसली की."

गाडी स्टँडात वळली. तिनं पेन पुन्हा सरळ केलं.