कौसल्या सिस्टर आणि बिनानंबरचा चष्मा

कौसल्या सिस्टर कुणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसत. त्या म्हणत, या प्रश्नावर माणूस सवयीनं "बरी आहे" म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. त्या विचारत, "काल रात्री झोप लागली का व?" मग, "जेवली का? पोटभर, का ताटात बोटं फिरवली?" आणि मग तिसरा प्रश्न : "आधी जे आवडत होतं, ते आता आवडते का?" पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या शाळकरी मुलींनाही हे तीन प्रश्न चुकत नसत. मुली बाहेर येऊन त्यांची नक्कल करत. चौथा प्रश्न मात्र त्या सगळ्यांना विचारत नसत. तो त्यांनी मला विचारला.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत मी नागपूरच्या होस्टेलवरून घरी आले. तिथल्या इंग्रजी शाळेत मी नववीत होते. सुट्टी संपली, पण मी परत गेले नाही. वेणी घालायला हात वर उचलला की तो तसाच खाली ठेवावासा वाटे. दिवसभर मी मागच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसे. रडूही येत नव्हतं. रडले असते तर घरच्यांना निदान काही समजलं असतं. आईनं दृष्ट काढली. काकू म्हणाली, "इंग्रजी शिकली ना, आता आपल्याशी बोलाची लाज वाटते तिले."

बाबांचा संत्र्याचा बगीचा होता. हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी महिनाभर तोडतात. पानं मलूल होतात, झाड मेल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. पाणी कोणत्या दिवशी तोडायचं आणि कोणत्या दिवशी सोडायचं, हे बाबांना विचारायला तिगावपासून लोक येत. त्या डिसेंबरात त्यांनी बगीच्याचं पाणी तोडलं आणि घरात सांगितलं, "हिचेही लाड बंद करा. ट्रान्झिस्टर उचला, पुस्तकं उचला. जेवाले कोणी बोलावू नका, भूक लागली की येते. महिनाभरात पाहा कशी फुलते ते." बाबा दुष्ट नव्हते. त्यांना जे सगळ्यात चांगलं येत होतं, तेच त्यांनी माझ्यासाठी केलं.

सिस्टर आमच्याकडे आल्या त्या काकूच्या बाळाचं वजन करायला. त्या बौद्ध. आमच्या घरी त्यांच्यासाठी वेगळी कपबशी होती, ती खिडकीत पालथी ठेवलेली असे. चहा झाला की त्या स्वतःच ती विसळून पुन्हा खिडकीत ठेवत. त्या दिवशी कपबशी विसळायला मागे आल्या आणि मला पाहून थांबल्या. माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या. तीन प्रश्न विचारले. मी तिन्ही वेळा मान हलवली. नाही, नाही, नाही.

मग आवाज जरासुद्धा न बदलता त्यांनी विचारलं, "मरावं वाटते का?"

मी म्हणाले, "हो." कितीतरी दिवसांत तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता.

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता हे तुह्या एकटीचं नाही राह्यलं." आणि कपबशी तिथंच ठेवून, पदर खोचून त्या पुढच्या ओसरीत बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, डिंक्या लागलेल्या झाडाचं पाणी तोडता का तुम्ही?"

"नाही बा. खोडातून डिंक गळून राहिला असन त पाणी कसं तोडाचं? मरते ते झाड."

"मंग आजारी पोरीचं काहून तोडलं?"

काकू मध्येच म्हणाली, "पोट्टी झाड होय का, सिस्टरबाई?"

"झाड नाही ना, म्हणून तं विचारून राहिली. झाडाचं खोड तरी पाहून घेता तुम्ही. हिच्याकडे पाह्यलं का कोणी?"

मग बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, "दिमाग खराब झाला का तिचा?"

"आजार आहे, भाऊ. निमोनिया होते, तसाच हाही होते. लेकरांलेही होते. याचा डॉक्टर नागपूरले आहे, मी घेऊन जातो. तोवर फवारणीच्या औषधाच्या खोलीले कुलूप लावा. अन् पोरीले एकटी सोडू नका."

आई रडायला लागली. "पागलांच्या डॉक्टरकडे? मंग हिच्याशी लग्न कोण करन?"

"आधी जगू तं द्या तिले."

बाबा उठले. कुलूप लावल्याचा आवाज मी ओसरीतून ऐकला. संध्याकाळी मला जेवायला बोलावलं, तेही त्यांनीच.

दोन दिवसांनी सिस्टर, आई आणि मी नागपूरच्या पॅसेंजरनं निघालो. शेजाऱ्यांना सांगितलं, पोरीचे डोळे तपासायचे आहेत. नरखेडला गाडी रखडली. आई नळावर पाणी भरायला उतरली तेव्हा सिस्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "माही मीना दहावीत होती. सौसरले होतो तेव्हा आम्ही. तीही अशीच बसे. मी नर्स ना! अशक्तपणा आहे म्हटलं, टॉनिक पाजलं. दोन बाटल्या. तिसरी आणली, तं पोरगी विहिरीत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "लोक म्हणतेत पाय घसरला. मीही तसंच सांगतो. पण तुले खरं सांगून राहिली. मी तिले सगळं विचारलं, पण ते एक नाही विचारलं. वाटलं, विचारलं तं तिच्या मनात भरन. विचारल्यानं नाही मरत व कोणी." आई पाणी घेऊन आली आणि सिस्टरांनी डब्यातली भाकर काढली.

डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं आणि माझ्याशी तासभर बोलले. मला मराठीत शब्द सापडत नव्हते आणि इंग्रजीतही नव्हते, तरी त्यांनी घाई केली नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडे. त्या आईजवळ ठेवायच्या, माझ्याजवळ नाही, हे सिस्टरांनी आईकडून तीनदा वदवून घेतलं. परतताना आईनं नागपुरातच, बर्डीच्या बाजारातून मला एक चष्मा घेऊन दिला. बिनानंबरचा, साध्या काचांचा. डोळे दाखवायला गेलो होतो, तर लोकांना चष्मा दिसायला हवा.

तो चष्मा मी कित्येक वर्षं घातला. दर महिन्याला नागपूरला जाताना तर न चुकता. फक्त आपल्या दवाखान्यात सिस्टर म्हणत, "काढ तो चष्मा. मले तुह्या डोळ्यात पाह्यचं आहे."

मी लगेच बरी झाले नाही. फेब्रुवारीत बगीचा फुलला, घरभर वास भरला. "गोड वाटते का वास?" सिस्टर विचारत. मी नाही म्हणे. "वाट पाहू," त्या म्हणत. मार्चमध्ये एका दुपारी काकूचं बाळ मांडीवर घेतलं होतं. त्याच्या जावळाचा वास आला आणि तो चांगला वाटला. मी दवाखान्यात सांगायला गेले. सिस्टर स्टोव्हवर इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. "हाव? खरंच?" एवढंच म्हणाल्या आणि स्टोव्ह बंद केला. सुया कितीतरी वेळ तशाच पाण्यात पडून राहिल्या.

पुढं त्यांची बदली लोधीखेड्याला झाली. मी शाळा पूर्ण केली, कॉलेजला गेले, हळूहळू गोळ्या सुटल्या. वर्षातून एकदा मी त्यांना भेटून येई. त्या तीन प्रश्न विचारत, थोडं थांबून चौथाही विचारत. मागच्या वर्षी कावीळ होऊन त्या गेल्या. आम्हाला आठ दिवसांनी समजलं.

मी जायला निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "मीही येतो." लोधीखेड्यात सिस्टरांच्या दोन खोल्यांत शोकसभेला माणसं मावत नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी मीनाचा फोटो. चहा आला तो बाबांनी घेतला आणि सगळ्यांबरोबर बसून प्याले. जो तो सिस्टरांबद्दल काहीतरी सांगत होता. कुणाचं बाळंतपण, कुणाचा सापाचा दंश. मला बोलायचं होतं, पण मला चारचौघांत बोलता येत नाही. मी तोच साध्या काचांचा चष्मा काढून पुसत बसले.

बाबाच उभे राहिले. "माह्या पोरीले त्यायनं वाचवलं," ते म्हणाले. "आम्ही गावात डोळ्याचं सांगितलं होतं. डोळे चांगले होते तिचे. मन आजारी होतं, मरणाच्या दारात होती. अन् पाणी मी तोडलं होतं." एवढं बोलून ते खाली बसले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. सौसर मागे पडल्यावर बाबांनी समोर पाहतच विचारलं, "काल रात्री झोप लागली का व?"

त्यांनी हे मला आजवर कधी विचारलं नव्हतं. बरी आहे म्हणणं सोपं होतं. पण सिस्टर गेल्याचं समजायच्या आधीपासूनच, महिनाभर, मला झोप नव्हती, आणि ओसरीतली ती भिंत पुन्हा ओळखीची वाटायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढचे दोन प्रश्न त्यांना येत नव्हते. चौथा येत होता, औषधाच्या खोलीला कुलूप लावलं त्या दिवसापासून. तो त्यांनी विचारला, आवाज फुटला तरी पूर्ण विचारला. मी खरं उत्तर दिलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊ," बाबा म्हणाले. "अन् चष्मा घरीच राहू दे."