तोंडाचं वाद्य

सरांनी क्लॅरोनेट माझ्या हातातून घेतलं. तोंडात धरायचं टोक काढलं आणि सगळ्यांसमोर उकळत्या पाण्यात टाकलं. एरवी आम्ही ते नुसतं फडक्यानं पुसून एकमेकांना देत असू.

जळगावचं कॉलेज. नवा बँड. मी एकोणीस वर्षांचा, पाचोऱ्याकडच्या एका मांगवाड्यातून आलेलो. तीन आठवडे माझा सूर लागत नव्हता. नुसती किंचाळी निघायची. माझे वडील सनई वाजवायचे, गाल फुगवून. मीही तसंच करायचो. सर सांगायचे, गाल फुगवू नकोस, खालचा ओठ दातांवर दुमड, चावू नकोस. ओठ आतून सोलला. भाकरीबरोबरचा ठेचा झोंबायचा. आणि एका सकाळी ओठ आपोआप बसला. काही दुखलं नाही. एक लांब, गोल सूर निघाला. सर म्हणाले, असंच धर.

पुढच्या आठवड्यात स्कॉलरशिपची यादी लागली. नावापुढं जात. माझ्यानंतर ते क्लॅरोनेट एका व्यापाऱ्याचा मुलगा वाजवायचा. त्यानं ते तोंडाला लावायला नकार दिला. म्हणून ते उकळतं पाणी.

सर माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "तू ढोल घे. ताल तुमच्या रक्तातच असतो."

रविवारी घरी गेलो. वडिलांना सांगितलं. त्यांनीही ढोल घ्यायलाच सांगितलं. म्हणाले, "लई ले भो. ढोल बी बाजाच शे."

जन्मभर मांडवाबाहेर उभं राहून वाजवत आलेला माणूस. त्यांचं बोलणं मला सरांपेक्षा जास्त लागलं.

सोमवारी ढोल माझ्यासाठी काढून ठेवलेला. मी पट्टा गळ्यात घातला नाही. म्हणालो, "सर, माझं तोंड चालत नसेल, तर माझे हातही मिळणार नाहीत."

त्या मुलानं क्लॅरोनेट उचललं. त्याचा सूर साफ लागला. बँडमधून माझं नाव कमी झालं.

पुन्हा क्लॅरोनेट हाती आलं नाही. वर्षभरात ओठ ते बसणं विसरला. आता मागितलं तरी जमणार नाही.

वडील गेले. गावचा निरोप आला, पोळ्याला बैलांपुढं वडील वाजवायचे ती हलगी आता तुझी. मी गेलो नाही. त्या वर्षी आमच्या घरातल्या कुणाला शेतावर कामाला बोलावलं नाही. आई रडली, हात जोडले तिनं माझ्यापुढं.

पोळा परत आलाय. निरोपही आलाय.

मी जाणार नाही.