उमेदवारी मागे घेतल्याचा कागद

आमच्या चंद्रपूर शहराच्या मतदारसंघाचा इतिहास उद्या कुणी लिहायला घेतला, तर त्याला जुन्या याद्या मिळतील. कोण उभं होतं, कोणाला किती मतं पडली, कोणाची अनामत गेली. त्या याद्यांत एका निवडणुकीत एक चक्कीवाला सापडेल. अपक्ष, चिन्ह शिडी. पुढच्या निवडणुकीत त्याचं नाव नाही. लिहिणाऱ्याला वाटेल, थकला असेल, नाहीतर कुणी समजूत घालून बसवला असेल.

तो थकला नव्हता आणि बसायला तयारही नव्हता. त्याला मी बसवलं, आणि तेही त्याला कळू न देता. वीस वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आता सांगतो.

मी तेव्हा कचेरीसमोर अर्जनवीस होतो. कडुनिंबाखाली बाकडं, वर टाइपरायटर, बाजूला कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड. सिरोंचाकडून, गोंडपिपरीकडून माणसं यायची. त्यांना परतीची एस.टी. गाठायची असे. मजकूर तयार होईपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसे, म्हणून आमच्याकडे पद्धतच पडली होती: आधी सही किंवा अंगठा, मजकूर मागून. माणूस कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा उठवायचा, तोंडी सगळं सांगायचा आणि बस धरायचा. मी सवडीनं लिहून कागद आत देत असे. एवढ्या वर्षांत कुणाच्या अंगठ्यावर मी खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, या पोऱ्याच्या हाती कोरा कागद देल्ला तं घरी जाऊन झोपा.

चक्कीवाले भाऊ आमच्याच वस्तीतले. आमच्याच विहारात येणारे, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. भुवयांवर कायम पीठ. अख्खी वस्ती त्यांच्याकडे दळायला जायची, त्यामुळं कोणाच्या घरी नळ आला, कोणाच्या घरी नाही, कोणाचं घर नझूलच्या, म्हणजे सरकारी जागेवर आहे म्हणून पाडायची नोटीस आली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा चक्कीतली खरीखुरी शिडी खांद्यावर घेऊन ते लालपेठेपर्यंत हिंडले. खाणीतली माणसं हसायची. "भाऊ, छपरावर चढून राह्यले का?" भाऊ म्हणायचे, "मी नाई चढत बाप्पा, तुले चढवतो." हरले. पण त्यांनी इतकी मतं नेली की मोठ्यांच्या गणितात आमची वस्ती पहिल्यांदा आली.

त्या वेळी, आणि पुढच्या वेळीही, त्यांचे सूचक होते आमचे दर्जीचाचा. उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार लागतो, तो सूचक. चाचांचं दुकान चक्कीला लागून. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षर ओळखीचं नव्हतं, पण बोलायला लागले की मराठी-हिंदीची अशी खिचडी करायचे की ऐकणारा भुकेला राहायचा नाही. भाऊंचे झेंडे फुकट शिवत. वर म्हणत, "निवडून आला तं माह्या मशीनले तेल देजो, बस."

दुसरी निवडणूक आली ती जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यानंतर. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि त्या रेघेनं माझ्या घराचेही दोन तुकडे केले. माझी बायको भामरागडला शाळेवर होती. जिल्हा एक होता तोवर बदलीची आशा होती. आता ती पलीकडच्या जिल्ह्याची झाली. पावसाळ्यात नद्या भरल्या की चार-चार महिने तिकडचा रस्ता बंद. आदल्या पावसाळ्यात आमची दोन वर्षांची पोरगी तिथं हिवतापानं इतकी सुकली होती की पाणी उतरल्यावर मी तिला घ्यायला गेलो, तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. ती वाचली. पण पुढचा पावसाळा येणारच होता.

उमेदवारी भरायच्या आदल्या दिवशी मी कागदांचा सगळा संच भाऊंपुढे ठेवला. छापील नमुने, शपथपत्र, मतदान केंद्रावरच्या प्रतिनिधींचे फॉर्म, आणि वर चार-पाच कोरे कागद, वेळेला लागतील म्हणून. संचात उमेदवारी मागे घ्यायचाही नमुना होता. मी तो मुद्दाम ठेवला नव्हता, संचात तो येतोच. दळण चालू होतं. भाऊ एका हातानं सुपातले गहू ढकलत, दुसऱ्या हातानं मी बोट ठेवीन तिथं सही करत गेले. एकही कागद वाचला नाही.

"वाचून तं घ्या भाऊ," मी म्हणालो.

"तू वाचला ना? मंग?"

सह्यांवर पीठ सांडलं होतं. मी फुंकर मारून कागद पिशवीत घातले. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्याला आता किंमत नाही.

छाननी झाल्यावर एका मोठ्या उमेदवाराचा माणूस माझ्या बाकड्यावर येऊन बसला. कोणत्या उमेदवाराचा ते सांगत नाही. तोही ती निवडणूक हरला. माणूस गोड बोलणारा. बायकोची चौकशी केली, पोरीची केली. भामरागड म्हणजे केवढं लांब, असं म्हणाला. मग म्हणाला, "चक्कीवाला बसला तं बाईसायबांच्या बदलीची ऑर्डर माह्याकडे लागली."

"ते नाई बसणार."

"त्याले कोण विचारून राह्यलं? कागद तुमच्यापाशी आहेत ना?"

मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा मी नाही म्हणालो नाही. सही असलेला मागे घ्यायचा नमुना आणि सही असलेला एक कोरा कागद मी त्याला दिला. मजकूर माझ्या हाताचा नको, एवढं मात्र मीच सुचवलं. त्यानं तो दुसऱ्याकडून भरून आणला: मी माझी उमेदवारी मागे घेत आहे, आणि ही सूचना सादर करायला माझ्या सूचकास अधिकार देत आहे. खाली भाऊंची सही, अस्सल. इतका विचार मी केला होता. चुकून घडलं असं म्हणायला मी स्वतःला जागाच ठेवली नाही.

मागे घेण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला मुदत संपायची आणि त्यानंतर चिन्हं वाटायची. भाऊ बाबूपेठेत घरं फिरत होते. तीनला शिडी घ्यायला येतो म्हणाले होते. मी पाकीट चाचांच्या हाती दिलं. "प्रतिनिधींची यादी आहे. दोनच्या आत साहेबांपाशी द्या. सूचकालाच द्यावी लागते."

चाचांनी पाकीट छातीच्या खिशात ठेवलं. "भाऊचं काम आहे, मी खुद जातो."

त्यांनी ते दिलं. साहेबांनी विचारलं, उमेदवाराची संमती आहे ना? चाचा म्हणाले, जी साहेब, त्यांचीच सही आहे. पोच मिळाली. साहेबांचं काही चुकलं नाही, कागद पक्के होते.

तीनला भाऊ आले. त्यांच्यामागे वस्तीतली पंधरा-वीस माणसं, दोघांच्या खांद्यावर ती शिडी. फलकावर अंतिम यादी लागली. भाऊंनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. मग आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं.

"चाचा," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही माही उमेदवारी वापस घेतली?"

चाचांना कळलंच नाही. "वापस? काय वापस? मी तं यादी देली."

"कोणती यादी?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी देली ती. बोला ना हो, तुम्हीच तं देली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी यादीचा दुसरा, खरा कागद पिशवीतून काढून दाखवला आणि म्हणालो, हीच यादी मी पाकिटात दिली होती, ही तिची नक्कल. एवढ्यावर थांबलो असतो तरी माझ्या शब्दासमोर त्यांचा शब्द उरला असता. पण मी पुढं विचारलं, "चाचा, माझ्या बाकड्यावरून निघाल्यावर मधे कुठी थांबले होते का तुम्ही?"

मला माहीत होतं ते कुठं थांबले असणार. दुपारची वेळ होती.

"नमाजले थांबलो. जोहरची. दहा मिनिटं."

पाकीट तिथंच बदललं, असं सगळ्यांनी मनात धरलं. मी ते खोडलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "झालं मंग." एवढंच. चाचांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय घडलं ते त्यांना माझ्यानंतर सगळ्यात आधी समजलं. "भाऊ," ते म्हणाले, "माह्या लेकरांची कसम." भाऊ शिडीखाली जाऊन उभे राहिले आणि तिचं एक टोक आपल्या खांद्यावर घेऊन वस्तीकडे चालू लागले. चाचांकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या आठवड्यात बायकांनी चाचांच्या दुकानातून अर्धे शिवलेले कपडे परत नेले. एकीनं बाह्या नसलेला झंपर नेला. दुकानावर कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. आमची वस्ती तशी नव्हती असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत असे. पण महिन्याभरात चाचा मशीन हातगाडीवर घालून राजुऱ्याला निघून गेले. गाडीला हात लावायला मी गेलो होतो. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, जसं कापडावरचा दोरा काढतात तसा.

बदली झाली, पण चंद्रपूरला नाही, गडचिरोलीला. मी त्या गोड माणसाकडे गेलो तर म्हणाला, "जिल्हा थोडीच बदलता येते? भामरागडातून काढली ना? समाधान माना." नंतर तो मला ओळख देईनासा झाला. बायकोला मी म्हणालो, अर्ज केला होता, मंजूर झाला. ती म्हणाली, बरं झालं. पोरगी गडचिरोलीला वाढली. मी शनिवारी जायचो, सोमवारी पहिल्या बसनं बाकड्यावर यायचो. अर्ज लिहीत राहिलो. लोक सह्या करत राहिले.

भाऊ पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पुढच्या निवडणुकीला पोरं सांगायला गेली तर म्हणाले, "जवळचा माणूस उलटला तं मतदाराचं काय घेऊन बसले." हे ते माझ्यासमोर, माझ्या हातचा चहा पिताना म्हणाले.

गेल्या वर्षी भाऊंना अर्धांगाचा झटका आला. मी भेटायला गेलो. घरात आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं. सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून शेवटून केली: चाचांनी काही केलं नव्हतं. भाऊ ऐकत राहिले. त्यांचं अर्धं तोंड हलत नव्हतं, त्यामुळं राग आहे की रडू, मला कळेना. ते म्हणाले, "मी चाचाच्या पोरीच्या लग्नाले नाई गेलो. त्यानं बलावलं होतं मले." मग म्हणाले, "जा तिकडं."

राजुऱ्याला गेलो. चाचा खाटेवर बसले होते, डोळ्यांना पडदा आलेला. आवाजावरून ओळखलं. मी बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"मले काय सांगून राह्यला? मले तं माहीत आहे. मी तिथीच होतो ना."

त्यांनी हात खाली घेतला.

"ज्याहीले माहीत नाई त्याहीले सांग. वस्तीत जाऊन सांग. दिवसा. सगळे बसले असताना."

मला त्यांनी बस म्हटलं नाही. सुनेनं पाणी दिलं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. बायको आता निवृत्त होऊन माझ्याजवळच राहते. ती पुढच्या सतरंजीवर बसली होती. तिला आधी सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही, त्याचंही कारण भीतीच. मी सगळं सांगितलं, पाकीट, मजकूर, आणि नमाजेबद्दल विचारलेला तो प्रश्न. नव्या पोरांना काही संदर्भ लागला नाही. एकानं विचारलं, हे कोणत्या इलेक्शनचं होय? म्हाताऱ्यांपैकी दोघं उठून गेले. एक म्हातारी मात्र उठली नाही, पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. झंपर परत नेणारी तीच.

घरी येताना बायको दोन पावलं पुढं चालत होती. दारात कुलूप काढताना म्हणाली, "माह्यासाठी केलं म्हणून सांगतलं तुम्ही तिथी."

"तुझ्यासाठी आणि पोरीसाठी."

"मले काऊन नाई विचारलं?"

मी तिच्या हातातलं कुलूप घेतलं.

"मी राह्यली असती भामरागडले. पोरीले माह्या आईपाशी ठेवलं असतं. अजून दोन पावसाळे काढले असते." ती आत गेली. "तुम्ही मले विचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं, म्हणून नाई विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती राजुऱ्याला गेली. मी येऊ का म्हणालो, तर नको म्हणाली. संध्याकाळी परत आली, हातपाय धुतले, कणीक मळायला घेतली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. दर महिन्याला एकदा ती जाते. मी बसस्टँडपर्यंत सोबत जातो आणि बस निघाली की परत येतो.