पलीकडचं बेट

त्या गेमच्या पहिल्या दोन्ही भागांत समुद्रापलीकडे एक बेट दिसायचं, पण पोहत निघालं की लाट आपल्याला परत किनाऱ्यावर आणून टाकायची. माझी धाकटी बहीण नीलू आजारपणात तासन्‌तास गेममधल्या त्याच किनाऱ्यावर बसून राहायची. म्हणायची, "दादा, पुढच्या भागात तिथे जाता येणार बघ. मला सोडून जायचं नाही हं!"

नवा भाग आला तेव्हा नीलू नव्हती. काल मी एकटाच होडीने गेलो. तिने मनात तिथे अख्खं गाव वसवलं होतं. आहे नुसतं गवत आणि वारा. गेम बनवणारे दर भागात जग थोडं मोठं करतात. माझं मात्र एवढंसं झालंय.

मागे वळून पाहिलं. आमचा किनारा इथून अगदी स्वच्छ दिसतो. त्यावर कुणीच बसलेलं नव्हतं.